ब्रिमफील्डच्या जत्रेत घड्याळ बघताना तबकडी सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरमध्ये बाबा साताऱ्याहून न्यू जर्सीतल्या एडिसनला येताहेत. वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरतात, जुन्या घड्याळांचा भारी नाद. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफील्डच्या जुन्या वस्तूंच्या जत्रेला त्यांना न्यायचंय, हाताशी दिवस एकच. कुठल्या वारी जावं, सुरुवात कुठून करावी, फसू नये म्हणून काय बघावं, भाव कसा करावा?

मी चोवीस वर्षं त्या शेतांतून हिंडतोय. त्यातली नऊ वर्षं टेबल मांडून विकायलाही बसलो, आणि माझा माल म्हणजे घड्याळंच. तेव्हा उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी एक सांगून टाकतो, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. घड्याळाची तबकडी सगळ्यात शेवटी बघायची. आमच्या वाईच्या घरी ओटीवर एक घड्याळ होतं, तबकडीवर ‘आन्सोनिया, न्यूयॉर्क’ अशी इंग्रजी अक्षरं. दर रविवारी सकाळी आजोबा चावी देत; दुसऱ्या कुणी हात लावला की घर डोक्यावर घेत. इथे येऊन घड्याळं उघडायला शिकल्यावर एका सुट्टीत मी ते भिंतीवरून उतरवलं. पेटी सागवानी, आपल्याकडच्याच कुणा सुताराने केलेली. मूळची बहुधा वाळवीने नेली असावी. आतलं मशीन जपानी. अमेरिकन होती ती फक्त तबकडी, आणि तीही दुसऱ्याच मापाच्या घड्याळाची, कारण चावीची भोकं कानस मारून मोठी केलेली स्पष्ट दिसत होती. आजोबांनी पन्नास वर्षं ‘आन्सोनिया’ला चावी दिली! मी त्यांना काही बोललो नाही. पण तेव्हापासून कुठलंही घड्याळ मी मागून बघायला लागतो.

आता ही जत्रा बाबांसाठी इतकी योग्य का, ते. ब्रिमफील्ड हे साडेतीन-पावणेचार हजार वस्तीचं गाव. १९५९ साली गॉर्डन रीड नावाच्या लिलाववाल्याने तिथे आपल्या शेतात जुन्या वस्तूंचा बाजार भरवला, आणि आजूबाजूच्यांनी आपापली शेतं उघडली. आता वर्षातून तीनदा, मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये, मंगळवार ते रविवार असे सहा दिवस रूट २० या रस्त्याच्या दोन्ही अंगांना सलग तंबू लागतात. एकच एक आयोजक असा नाही. वीसएक शेतं, प्रत्येकाचा मालक वेगळा, नियम वेगळे, उघडायची वेळसुद्धा वेगळी. आणि दक्षिणेला जवळच कनेटिकट. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली बहुतेक घड्याळं या एका चिमुकल्या राज्यात होत असत. तिथल्या एली टेरी नावाच्या घड्याळकाराने १८०७च्या सुमारास तीन वर्षांत चार हजार लाकडी मशीनं करून देण्याचा करार घेतला तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं. त्याने ती करून दाखवली. लाकडी चाकांची घड्याळं बोटीवर दमट हवेने फुगायची, म्हणून परदेशी जाऊ शकत नव्हती. १८४०च्या आसपास पितळी पत्र्याची स्वस्त मशीनं आली आणि माल समुद्रापार निघाला. तिथल्याच चॉन्सी जेरोम या घड्याळ-कारखानदाराने इंग्लंडला पहिला माल पाठवला, तर तिथल्या कस्टमवाल्यांना बिलातली किंमत इतकी कमी वाटली की खोटी असणार म्हणून त्यांनी त्याच किमतीला सगळा माल स्वतःच विकत घेतला. जेरोमने खूश होऊन लगेच दुसरी खेप धाडली!

आपल्या वाड्यांच्या ओटीवर, वकिलांच्या दिवाणखान्यात, संस्थानिकांच्या कचेऱ्यांत लागलेली सेथ थॉमस, आन्सोनिया या कंपन्यांची घड्याळं याच भागातली. आन्सोनिया कंपनी मूळची कनेटिकटचीच, ब्रुकलिनला गेली १८७९च्या सुमारास. म्हणून तबकडीवर न्यूयॉर्क. १९२९मध्ये तिची यंत्रसामग्री थेट सोव्हिएत रशियाने उचलली. बाबांना गाडीत हे सांगा, प्रवास बरा जाईल.

वार: बुधवार. एक दिवसाची रजा टाका. शनिवार-रविवारी गर्दी जास्त आणि माल निवडून गेलेला. रविवारी दुपारी तर अर्धे लोक तंबू गुंडाळत असतात. (स्वस्तात मिळतं तेव्हा, हे खरं. परत न्यायचा कंटाळा आलेला विक्रेता रविवारी तीन वाजता वाटेल त्या भावाला देतो. पण एकाच दिवसासाठी येणाऱ्याने हा जुगार खेळू नये.) बुधवारी न्यू इंग्लंड मोटेलचं शेत पहाटे सहाला आणि हार्ट-ओ-द-मार्ट नऊला उघडतं, अशी वर्षानुवर्षांची पद्धत आहे. मेज नावाचं शेत गुरुवारी नऊला. मधल्या काळात काहींनी वेळा बदलल्या, म्हणून निघण्याच्या आठवड्यात एकदा बघून घ्या. शेत नव्याने उघडतानाचा पहिला तास म्हणजे काय, ते बाबांना दाखवाच: दोरीमागे दीड-दोनशे माणसं हाताची घडी घालून उभी, आणि दोरी सुटली की पंढरीच्या रिंगणात घोडा सुटावा तशी धाव. तुम्ही धावू नका. बाबांना घेऊन बाजूला उभं राहा.

एडिसनहून तीन-साडेतीन तास लागतात. पहाटे तीनला निघून एकाहत्तर वर्षांच्या माणसाला तिथे पोहोचवणं म्हणजे दिवस वाया घालवणं. आदल्या रात्री स्टरब्रिजला मुक्काम करा, तिथून गाव दहा-पंधरा मिनिटांवर आहे. खोल्या मात्र महिने-दोन महिने आधी संपतात. गाडी लोकांच्या अंगणात, शेतात लावावी लागते, पैसे रोख. पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत मैलभर असला, तरी आतल्या गल्ल्या धरून सहज सात-आठ मैलांची चाल होते, म्हणून गाडी मध्यावर लावा आणि बाबांसाठी घडीची हलकी खुर्ची घ्या. सकाळी गवत दवाने चिंब असतं, चपला नकोत. तंबूंमागच्या उंच गवतात शिरू नका. या भागात गोचीड फार, आणि तिच्यामुळे लाइम नावाचा चिवट आजार होतो. संध्याकाळी पोटऱ्या बघून घ्यायच्या.

बरोबर काय न्यायचं? छोटी टॉर्च, भिंग, मोजपट्टी, फडकं, जाड कागद, दोन चादरी आणि रोख रक्कम, सुट्ट्यांसह. आणि एक-दोन वेगवेगळ्या मापाच्या चाव्या, कारण विक्रेत्याकडे चावी नसतेच नसते.

आता मुख्य काम. घड्याळ दिसलं, बाबांचे डोळे लकाकले. विक्रेत्याला विचारून ते उचला आणि त्याची पाठ आपल्याकडे करा.

पाठीच्या फळीचं लाकूड दीडशे वर्षं भिंतीकडे तोंड करून बसलेलं असतं. ते कोरडं, करडं-तपकिरी पडतं, कडांना धूळ घट्ट बसते. सगळीकडे सारखाच चहाचा रंग असेल तर तो बहुधा ब्रशने लावलेला आहे. स्क्रू बघा. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू १९३०च्या दशकातला शोध. तो दिसला म्हणजे पेटी खोटीच असं नाही, पण तिथे कुणाचा तरी हात पडलाय. मग बूड. सेथ थॉमसच्या बऱ्याच पेट्यांच्या बुडाशी किंवा पाठीवर शाईचा शिक्का असतो, आणि त्यात साल उलटं लिहिलेलं: ८९८१ आणि पुढे इंग्रजी ई. म्हणजे १८९८, पाचवं अक्षर म्हणून मे महिना. १८७५ नंतर चाळीसेक वर्षं ही रीत चालली. गेल्या मे महिन्यात असाच एक शिक्का टॉर्च तिरकी धरून मी वाचत होतो, सरळ उजेडात नुसता डाग वाटत होता; विक्रेता म्हणाला, “तीन दिवस हे माझ्या टेबलावर आहे, मला तिथे काही दिसलं नाही.” उजेड तिरका धरा, एवढंच.

मग दार उघडा. आतल्या पाठीवर छापील कागद चिकटवलेला असतो, कारखान्याचं नाव आणि घड्याळ कसं लावावं याच्या सूचना असलेला. सेथ थॉमसच्या कागदावर गावाचं नाव प्लायमाउथ हॉलो असेल तर माल साधारण १८६५च्या आधीचा; नंतर त्याच गावाचं नाव मालकावरून थॉमस्टन झालं. कागद फाटका, उंदराने कुरतडलेला असला तरी चालेल, उलट बरंच. संपूर्ण, स्वच्छ, पिवळसर कागद दिसला की मी भिंग काढतो. आजच्या छपाईत रंगाचे ठिपके एकसारख्या फुलांच्या नक्षीत बसलेले दिसतात, जुन्या छपाईत शाईची भरीव अक्षरं. कागदाच्या आजूबाजूला रिकामी, बुजवलेली भोकं शोधा. मशीन पाठीला जिथे स्क्रूने बसतं तिथे चारच भोकं हवीत. आठ दिसली तर आधी तिथे दुसरं मशीन नांदत होतं. या धंद्यात अशा घड्याळाला ‘मॅरेज’ म्हणतात, लग्न लावून दिलेलं. असं घड्याळ वाईट चालतं असं मुळीच नाही. पण त्याची किंमत अर्ध्याहून खाली यायला हवी, आणि ते तुम्हाला कळलंय हे विक्रेत्याला कळायला हवं.

आता मशीन. दोन पितळी पट्ट्यांच्या मध्ये चाकं, आणि चाकांच्या आसांची टोकं पट्टीतल्या भोकांत फिरतात. हीच भोकं झिजून लांबट होतात. विक्रेत्याची परवानगी घेऊन चावी अगदी अर्धा दात पुढे-मागे करा आणि टॉर्च मारून आसांकडे बघा: आस भोकात जागच्या जागी फिरतोय की कडेकडेने उड्या मारतोय? उड्या मारत असेल तर घड्याळजीचं मोठं काम आहे. भोकाभोवती ठोकून पाडलेले खड्डे दिसले, किंवा कथलाचा पांढुरका डाग, तर कुणीतरी स्वस्तात वेळ मारून नेली आहे. चावी पूर्ण भरायच्या फंदात पडू नका. पहिल्या-दुसऱ्या वर्षी मी एका टेबलावर उत्साहाने चावी भरत गेलो, चावी उलटी फिरू नये म्हणून असतो तो खटका झिजलेला होता, तो सुटला आणि चावी उलटी गरगरा फिरून माझ्या तर्जनीवर आदळली. नख काळं-निळं झालं, दोन महिने राहिलं. वर विक्रेत्याने ‘तुम्ही मोडलंत’ म्हणून पस्तीस डॉलर घेतले. खटका आधीच गेलेला होता, पण चावी माझ्या हातात होती.

लंबकाचा ठोका ऐका. टिक आणि टॉक यांच्यामधलं अंतर सारखं हवं. जत्रेतली टेबलं तिरकी असतात, म्हणून लंगडा आवाज आला की लगेच नाक मुरडू नका. पेटी एका बाजूने बोटभर उचलून पाहा, आवाज सरळ झाला तर दोष टेबलाचा. तसंच साडेचार वाजता अकरा टोल पडले तर घाबरू नका. जुन्या अमेरिकन घड्याळांत टोल मोजायचं चाक काट्यांशी बांधलेलं नसतं, त्याची मोजणी स्वतंत्र चालते, आणि घड्याळ मध्येच बंद पडलं की ते चुकतं. आतली एक तार बोटाने उचलून टोल जुळवून घेता येतात. हा ‘दोष’ दाखवून मी स्वतः कितीदा भाव पाडलाय, ते इथे लिहीत नाही.

मशीनच्या पितळी पट्टीच्या मागे टॉर्च मारलीत तर कधीकधी टाचणीने ओरखडलेल्या तारखा दिसतात. तेल घातलं, अमुक साल. साफ केलं, तमुक साल. गावोगावच्या घड्याळजींनी स्वतःसाठी लिहून ठेवलेल्या. माझ्याकडच्या एका मशीनवर अशा सहा तारखा आहेत, पहिली १८९३ची आणि शेवटची १९५१ची, सगळी अक्षरं वेगवेगळ्या हातांची. हे कुणी नकली करत बसत नाही.

आणि आता, शेवटी, तबकडी. चावीची भोकं मशीनच्या दांड्यांच्या बरोबर मधोमध येतात का? तबकडी बसवायचे खिळे जुन्या भोकांत आहेत की नव्या? कागदी तबकडी पांढरीशुभ्र असेल तर ती नवी चिकटवलेली. त्यात पाप काही नाही, जुनी खराब झाली की लोक बदलतात. फक्त मूळची म्हणून पैसे देऊ नका. आन्सोनियाच्या मशीनवर वर्तुळात चौकोन आणि त्यात ए असा छाप असतो. तबकडीवर आन्सोनिया आणि मशीनवर काहीच नाही असं दिसलं तर आमच्या ओटीवरचं घड्याळ आठवा.

काय घ्यावं? माझं मत सांगतो. शेल्फवर ठेवायची, काळ्या संगमरवरासारखी दिसणारी, दोन्ही बाजूंना खांब असलेली सेथ थॉमस घड्याळं बघाल तिथे दिसतील. तो संगमरवर नसतो. लाकडावर सेल्युलॉइडचा पातळ थर चढवलेला असतो, १८८०चं पेटंट, कंपनीने त्याला अडमंटाइन असं भारदस्त नाव दिलं होतं. मजबूत मशीन, आठ दिवसांची चावी, आणि आज विचारतं कोण! पाऊणशे ते दीडशे डॉलरमध्ये चांगलं मिळतं. उलट रेल्वे स्टेशनवर असायचं तसलं लांब लंबकाचं ‘रेग्युलेटर’ घड्याळ सगळ्यांना हवं असतं, म्हणून त्याच्या नकलाही खूप. पहिल्या खरेदीला ते नको. आणि घड्याळ कितीला घेतलं याहून ते चालू करायला किती लागतील हे आधी धरा: नीट उघडून, धुऊन, भोकं बुजवून द्यायला इथला घड्याळजी दोन-चारशे डॉलर सहज घेतो. बाबांना स्वतः खटपट करायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. मग तीस डॉलरचं बंद पडलेलं घ्या आणि वर्षभराचा उद्योग द्या.

भावाचं. इथे जुन्या बाजाराची रीत चालत नाही. निम्म्याने मागणं, वस्तूला नावं ठेवणं, निघून जायचं नाटक करणं, यातलं काही नको. माणूस बोलायचाच थांबतो. घड्याळ हातात धरा आणि म्हणा, “कॅन यू डू एनी बेटर ऑन धिस?” एवढं एकच वाक्य. तो दहा-पंधरा टक्के खाली येईल. तेवढ्यात पटलं तर घ्या, नाहीतर आभार मानून ठेवा. दोन वस्तू एकत्र घेतल्या तर अजून थोडं सुटतं. आणि एक अलिखित नियम: वस्तू ज्याच्या हातात, बोलणी त्याची. कुणी घड्याळ धरून उभा असेल तर शेजारी जाऊन किंमत विचारायची नाही. ‘एक चक्कर मारून येतो’ म्हणून खाली ठेवलंत की ते गेलंच समजा. वीस वर्षांत चक्कर मारून आल्यावर जागेवर सापडलेल्या वस्तू मी बोटांवर मोजू शकतो.

दुपारी बाराच्या पुढे उन्हात बाबांना फिरवू नका. खायला भरपूर आहे. टर्की, पावाचं सारण आणि क्रॅनबेरी घातलेलं पिलग्रिम सँडविच तिथलं प्रसिद्ध. बाबा शाकाहारी असतील तर घरून दशम्या आणि चटणी न्या, उगाच बटाट्याच्या तळलेल्या कापांवर दिवस काढायला लावू नका. जेवणानंतर खुर्ची सावलीत टाका आणि त्यांना एखाद्या घड्याळवाल्या म्हाताऱ्याच्या तंबूत बसवा. ‘फ्रॉम इंडिया’ म्हटलं की हे लोक खुलतात, कारण आपल्याकडे कुठली घड्याळं शिल्लक आहेत याची त्यांना फार उत्सुकता असते. घरच्या घड्याळाचा फोटो फोनमध्ये असू द्या. तेवढ्या वेळात तुम्ही दुसरं काही बघा. आपल्याकडच्या वस्तूही भेटतात. एकदा पितळी अडकित्ता ‘पक्ष्याच्या आकाराचा नटक्रॅकर’ म्हणून बारा डॉलरला होता. मी बाईंना सुपारी म्हणजे काय ते सांगितलं, त्यांनी चिठ्ठी सुधारली आणि किंमत वीस केली. घेतला मी, बोलून बसलो होतो ना.

पाऊस असला तरी जत्रा भरते, पण दवात-पावसात भिजलेलं घड्याळ घेऊ नका, पातळ लाकडी पापुद्रे महिन्याभराने उचकटतात. जत्रेत काहीच मनासारखं मिळालं नाही तर हिरमुसू नका. कनेटिकटमधल्या ब्रिस्टल गावात अमेरिकन घड्याळांचं संग्रहालय आहे, आणखी एक दिवस काढता आला तर परतीच्या वाटेवर थोडी वाकडी वाट करून होईल. पूर्वेला नॉर्थ ग्राफ्टनमध्ये घड्याळं करणाऱ्या विलर्ड बंधूंचं घर-संग्रहालय आहे. बँजोच्या आकाराच्या भिंतीवरच्या घड्याळाचं पेटंट सायमन विलर्डने १८०२ साली घेतलं होतं.

घड्याळ घेतलंत, तर गाडीत ठेवण्याआधी तिथेच, टेबलावरच, लंबक काढा. तो ज्या पातळ पोलादी पट्टीवर लटकतो ती केसांपेक्षा थोडीच जाड असते. पहिल्या खड्ड्यात लंबक हेलकावतो आणि पट्टी मोडते. चावी आणि काढता येतील तितके सुटे भाग वेगळ्या पुरचुंडीत. काचेच्या दारावर जाड कागद, मग चादर, आणि पेटी उताणी झोपवून न्यायची. भारतात न्यायचं असेल तर विमानाआधी घड्याळजीकडून कमानीतला, म्हणजे स्प्रिंगमधला, ताण उतरवून घ्या, मशीन काढून कपड्यांत गुंडाळून हातातल्या बॅगेत घ्या आणि पेटी मोठ्या बॅगेत. तपासणीत पितळी चाकांचा तो गोळा बघून दोन प्रश्न विचारतील, फोटो दाखवला की सोडतात.

लंबक मात्र बॅगेत टाकू नका, बाबांच्या खिशात द्या. एडिसन येईपर्यंत ते दहा वेळा काढून बघतील.